कॅमेऱ्याची तुटलेली केबल व तिची दुरुस्ती

शेतकऱ्याच्या मालावर नजर ठेवणारा कॅमेरा ही गोष्ट आतां नवलाईची राहिलेली नाहीं. कांद्याची चाळ, गुरांचा गोठा, विहिरीवरचा पंप, द्राक्षें भरण्याची शेड, सोसायटीचें खताचें गुदाम, जेथें माल आहे तेथें भिंतीवर एक डोळा बसलेला दिसतो. हे कॅमेरे घेतांना शेतकरी चार ठिकाणीं भाव विचारतो, कॅमेरा किती दूरचें पाहतो हें विचारतो, रात्रीं दिसतें कीं नाहीं हेंहि विचारतो. परंतु कॅमेऱ्यापासून घरांतील रेकॉर्डरपर्यंत जी केबल जाते तिच्याविषयीं एक अक्षरहि विचारीत नाहीं. कॅमेरा भिंतीवर उंच व सुखरूप असतो. ऊन, पाऊस, उंदीर, फावडें व ट्रॅक्टर यांच्याशीं गांठ पडते ती केबलची. म्हणून आमच्या भागांत "कॅमेरा बिघडला" म्हणून जी हाकाटी होते तींत बहुतेक वेळां कॅमेरा निर्दोष असतो आणि केबल तुटलेली, कुरतडलेली किंवा कुजलेली असते.

केबल तुटली म्हणजे काय करावें, याविषयीं दोन मार्ग रूढ आहेत. पहिला, ज्यानें कॅमेरे बसविले त्या तालुक्याच्या गांवच्या कारागिरास फोन करावा आणि तो येईपर्यंत आठ-पंधरा दिवस वाट पाहावी. दुसरा, घरांतील एखाद्या हुशार मुलानें सुरीनें केबल सोलावी, रंगास रंग जुळवून आठ तारा पिळाव्या, वर काळी चिकटपट्टी गुंडाळावी, आणि चित्र आलें म्हणजे काम झालें असें समजावें. पहिल्या मार्गांत वेळ जातो. दुसऱ्यांत माल जातो. आमचें मत असें कीं, हे दोन्ही मार्ग सोडून ही दुरुस्ती शेतकऱ्यानें स्वतः शिकावी, परंतु ती नीट शिकावी. आणि तिला लागणारीं हत्यारें व खात्रीची केबल आपल्या संस्थेनें ठेवावी. हें मत आम्हीं दुसऱ्याच्या चुकीवरून बनविलेलें नाहीं. चूक आमची स्वतःची आहे. म्हणून ती आधीं सांगतों.

महसूल खात्यांतील कारकुनी पुरी करून, मुदतीआधींच निवृत्ति घेऊन, आम्ही निफाड तालुक्यांतील आपल्या शेतावर राहावयास आलों. घरापासून कांद्याची चाळ सुमारें ऐंशीं मीटर दूर. तेथें एक कॅमेरा बसविला. त्यास वेगळी वीज नव्हती. एकाच केबलमधून चित्र घराकडे येई व वीज कॅमेऱ्याकडे जाई. बसविणाऱ्यानें केबल जमिनींत चार बोटें खोल नुसतीच पुरली होती. सन २०२३ च्या जून महिन्यांत चाळीच्या कडेची चारी मोकळी करितांना गड्याचें फावडें तिच्यावर बसलें व ती तुटली. कारागीर "येतों, येतों" म्हणत राहिला. आमचा पुतण्या शिकलेला, हाताचा कसबी, तो म्हणाला, "काका, त्यांत काय आहे, रंगाला रंग जोडायचा." आम्ही शेजारीं बसून बॅटरी धरली. अर्ध्या तासांत जोड झाला, चिकटपट्टी झाली, चित्र आलें, आणि तो जोड तसाच मातींत दडपून आम्ही दोघेहि मोठ्या तोऱ्यांत चहा प्यावयास घरीं आलों.

पावसाळा त्या जोडावरून गेला. ऑगस्ट महिन्यांत सरकारनें कांद्यावर चाळीस टक्के निर्यातशुल्क बसविलें, बाजार बंद पडले, आणि आम्हीं उरलेला उन्हाळी कांदा चाळींतच ठेवला. सप्टेंबरपासून चित्र रात्रीं मधून मधून जाऊं लागलें. सकाळीं पाहावें तों ठीक. आम्हीं ती नेटवर्कची लहर समजून सोडून दिली. एके रात्रीं आमच्या कुटुंबानें अंगणांतून चाळीकडे पाहून विचारलें, "कॅमेऱ्याचे ते तांबूस दिवे आज कां दिसत नाहींत?" आम्हीं उत्तर दिलें कीं, यंत्रास सर्व कळतें, तूं काळजी करूं नको. दसऱ्यानंतरच्या आठवड्यांत कांद्याचे भाव चढले आणि एका रात्रींत चाळींतून निवडलेल्या कांद्याच्या अकरा गोणी गेल्या.

पोलीस ठाण्यांतील हवालदार आले, त्यांनीं सभ्यपणें चित्रण दाखविण्यास सांगितलें. रेकॉर्डर उघडला. रात्रीं अकरा वाजून बेचाळीस मिनिटांपर्यंत चाळ स्पष्ट दिसते. त्यापुढें चार-पांच सेकंदांचे तुकडे व मध्यें काळोख. सकाळीं पावणेसातच्या सुमारास उजाडतांच कॅमेरा आपोआप सुरू झाला आणि त्यानें फाटकें तागाचें कापड, उघडें फाटक व मोकळी जागा यांचें फार सुरेख चित्र काढून ठेविलें. हवालदारांनीं कांहीं म्हटलें नाहीं. पंचनाम्यांत "चित्रण उपलब्ध नाहीं" एवढें लिहिलें. आयुष्यभर दुसऱ्यांचे पंचनामे नकलून काढले, परंतु ते तीन शब्द वाचतांना आम्हांस जें वाटलें तें येथें लिहीत नाहीं.

जोड उकरून काढला तेव्हां चिकटपट्टी शाबूत होती व आंत पाणी होतें. तारांवर हिरवी भुकटी चढली होती आणि एक तार तर हातांत घेतांच गळून पडली. हें कां झालें तें समजून घेतल्यावांचून दुरुस्ती समजणार नाहीं. म्हणून थोडें विस्तारानें लिहितों.

नेटवर्कच्या केबलमध्यें आठ बारीक तारा असतात व त्यांच्या चार जोड्या असतात: नारिंगी, हिरवी, निळी व तपकिरी, आणि प्रत्येकीच्या जोडीला त्याच रंगाचा पट्टा असलेली पांढरी तार. प्रत्येक जोडीस दोरासारखा पीळ असतो. हा पीळ शोभेचा नव्हे. पंपाची मोटर, विजेची वाहिनी, कडाडणारी वीज यांचा उपद्रव बाहेरून तारांवर येतो; पीळ असल्यामुळें तो जोडींतील दोहों तारांवर जवळ जवळ सारखा पडतो, आणि टोंकाशीं दोहोंतील फरकच वाचला जात असल्यानें तो उपद्रव वजा होतो. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यानें टेलिफोनच्या तारांसाठीं ही युक्ति सन १८८१ मध्यें पेटंट करून घेतली. तीच आजहि आपल्या गोठ्यापर्यंत चालत आली आहे. हा पीळ कनेक्टरपाशीं अर्ध्या इंचाहून अधिक उलगडूं नये असा दंडक आहे. आमच्या जोडांत तो चार इंच उलगडलेला होता.

दुसरें असें कीं, त्याच तारांतून कॅमेऱ्यास सुमारें ४८ व्होल्टची एकदिशा वीज जाते. ओल्या जोडांतून अशी वीज सतत वाहिली म्हणजे तांबें झपाट्यानें खाल्लें जातें. जोड खराब झाला कीं त्याचा अवरोध वाढतो. दिवसा कॅमेऱ्यास थोडी वीज पुरते, म्हणून खराब जोडावरहि तो चालतो. रात्रीं त्याचे अंधारांत पाहण्याचे दिवे लागतात, वीज अधिक लागते, जोडावरच दाब गळून जातो, कॅमेरा बंद पडतो, पुनः सुरू होतो, दिवे लावतो, पुनः बंद पडतो. चोर यावयाच्या वेळींच तो आंधळा होतो, यांत दैवाचा कांहीं संबंध नाहीं. ज्या कॅमेऱ्याचें चित्र दिवसा उत्तम व रात्रीं जाणारें असेल त्याची केबल किंवा जोड संशयित समजावा. आमच्या कुटुंबानें जें अंगणांतून पाहिलें तीच खरी तपासणी होती.

आमच्या प्रकरणांत आणखी एक गोष्ट निघाली. तुटलेली तार ब्लेडनें खरवडली तों आंत पांढरी चकाकी. ती तांब्याची तार नव्हतीच. ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा होता. अशी केबल वजनास हलकी व किमतीस स्वस्त असते, तिचा अवरोध शुद्ध तांब्याच्या सुमारें दीडपट असतो, ती वाकविली कीं मोडते, आणि नेटवर्कच्या केबलच्या मानकांत ती बसत नाहीं. आमच्या बिलावर केवळ "केबल ९० मीटर" इतकेंच होतें. तांब्याची कीं मुलाम्याची हें आम्हीं विचारलें नाहीं व देणाऱ्यानें सांगितलें नाहीं. सातबाऱ्याच्या उताऱ्यांत पिकाच्या रकान्यांत नुसतें "धान्य" लिहून आणणाऱ्यास आम्ही कचेरींत परत पाठवीत असूं. येथें स्वतःच तसला कागद मुकाट्यानें खिशांत घातला. बिलावर "शुद्ध तांब्याची, बाहेरच्या वापराची" असे शब्द लिहून घेतल्यावांचून पैसे देऊं नयेत, व पुडक्यांतील टोंक तेथेंच खरवडून पाहावें.

आतां दुरुस्तीकडे वळूं. येथें एक खुलासा करितों. ज्या जुन्या कॅमेऱ्यांची केबल गोल, मध्यें एकच जाड तार व भोंवतीं जाळी अशी असते, त्यांचें शास्त्र निराळें आहे. खालील मजकूर आठ तारांच्या केबलपुरताच आहे.

पहिलें काम जोडण्याचें नाहीं, शोधण्याचें आहे. चित्र गेलें म्हणजे स्विचमधील त्या कॅमेऱ्याची केबल काढून दुसऱ्या, चालू असलेल्या कॅमेऱ्याच्या जागीं लावून पाहावी. तेथें चित्र आलें तर दोष स्विचच्या त्या भोंकाचा. न आलें तर कॅमेरा उतरवून घरीं आणावा व हातभर लांबीच्या चांगल्या केबलनें रेकॉर्डरपाशींच लावावा. तेथें तो चालला तर कॅमेरा निर्दोष, केबल दोषी. ही दहा मिनिटांची चौकशी न करितां नवे कॅमेरे विकत घेतलेले लोक आमच्या माहितींत आहेत. मग दोन्ही टोंकांचे कनेक्टर पाहावे. पुष्कळ वेळां केबल मध्यें कोठेंच तुटलेली नसते. कॅमेऱ्याजवळच्या कनेक्टरांत पावसाचें पाणी शिरून त्याच्या सोनेरी पट्ट्या काळ्या पडलेल्या असतात. अशा वेळीं केबलचें टोंक चांगलें तांबें लागेपर्यंत कापून नवा कनेक्टर बसविला कीं काम होतें.

कनेक्टर बसवितांना त्याची कळ पलीकडच्या बाजूस व सोनेरी पट्ट्या वर धराव्या. मग डावीकडून क्रम असा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. वाचकांस वाटेल कीं हिरव्या जोडीच्या दोन तारा एकमेकींपासून दूर कां ठेविल्या. सरळ रंगास रंग लावून जोडीनें ओळीनें बसविल्या तर काय बिघडलें? येथेंच बहुतेकांचा घोटाळा होतो. कनेक्टरांतील तिसरी व सहावी जागा मिळून एक जोडी होते. सरळ ओळीनें लावल्यास तिसऱ्या जागीं एका जोडीची तार येते व सहाव्या जागीं दुसऱ्या जोडीची. दोन्ही टोंकांस सारखेंच लावलें असल्यानें टेस्टरचे आठहि दिवे क्रमानें लागतात व माणूस निश्चिंत होतो. परंतु पिळाचा उपयोग नाहींसा झालेला असतो. दहा मीटरवर असा जोड चालतो, ऐंशीं मीटरवर दगा देतो. म्हणून टेस्टर हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. क्रम डोळ्यांनींच पाहिला पाहिजे.

टेस्टरविषयीं आणखी इतकेंच कीं, दिव्यांचा साधा टेस्टर कोणती तार तुटली हें सांगतो, कोठें तुटली हें सांगत नाहीं. तुटीचें अंतर मीटरांत दाखविणारें यंत्र वेगळें असतें व तें महाग असतें. तें नसेल तर केबलच्या वाटेनें चालत जावें. भिंतीच्या भोंकापाशीं, दाराच्या चौकटीपाशीं, उन्हांत तडकलेल्या भागीं, उंदरांच्या बिळांजवळ, आणि गेल्या महिन्याभरांत जेथें खणलें किंवा नांगरलें तेथें आधीं पाहावें. शंभरांतील बहुतेक तुटी या पांच जागांत सांपडतील.

चित्र दिसतें म्हणजे केबल धड आहे, असेंहि समजूं नये. पुष्कळ कॅमेऱ्यांस चित्र पाठविण्यास नारिंगी व हिरवी या दोनच जोड्या पुरतात. त्यामुळें उरलेल्या दोन जोड्या तुटलेल्या असूनहि चित्र येत राहतें. कांहीं स्विच मात्र त्याच दोन जोड्यांतून वीज पाठवितात, व मग कॅमेरा मरतो. कोणी कारागीर तुटक्या तारांऐवजीं मोकळ्या तारा वापरून वेळ मारून नेतात. एक रात्र काढावयाची असेल तर आमची हरकत नाहीं.

तूट सांपडल्यावर जोड द्यावा कीं केबल बदलावी? आमचें उत्तर: बदलतां येत असेल तर बदलावी. केबल पाइपमधून गेली असेल तर जुन्या केबलच्या टोंकास नायलॉनची बळकट दोरी बांधून ती ओढून घ्यावी व त्या दोरीनें नवी केबल आंत न्यावी. नव्या केबलबरोबर दुसरी एक दोरी आंत राहूं द्यावी, पुढील वेळीं उपयोगी पडते. चाळीस-पन्नास मीटरच्या केबलला जोडाच्या खटपटीपेक्षां नवी केबल स्वस्त पडते. कारण एकदां गेलेल्या मालाची किंमत त्या हिशेबांत धरली पाहिजे.

बदलणें शक्यच नसेल तर जोड द्यावा, पण एकच. एका केबलला दोन-तीन जोड देण्याची पाळी आली म्हणजे ती केबल मोडींत काढावी. जोड देण्यापूर्वीं स्विच बंद करावा. तुटीच्या दोन्ही बाजूंस ओल चढलेली असते, म्हणून तांबें लखलखीत लागेपर्यंत हातभर तरी केबल कापून टाकावी. मग दोन्ही टोंकांस नीट कनेक्टर बसवून ते दुतोंडी जोडणीच्या ठोकळ्यांत घालावे. किंवा प्रत्येक तारेस आंत चिकट मळी भरलेली छोटी दाबाची टोपी वापरावी. ही मळी पाण्यास वाट देत नाहीं. टोपी वापरतांनाहि पीळ कमींत कमी उलगडावा. हा सर्व जोड पाणी न शिरणाऱ्या झांकणाच्या डबींत बसवून डबी जमिनीपासून वर, खांबावर किंवा भिंतीवर, सांवलींत लावावी, व केबल डबींत खालच्या बाजूनें न्यावी. केबल डबींत, कॅमेऱ्यांत किंवा घरांत जेथें शिरते तेथें आधीं तिला खालीं झोळ द्यावा. म्हणजे पाणी झोळाच्या तळाशीं टपकून पडतें, केबलबरोबर आंत येत नाहीं. जोड जमिनींत पुरूं नये. हें आम्ही पुनः लिहितों: जमिनींत पुरूं नये. शेवटीं तपासणी रात्रीं करावी, कॅमेऱ्याचे दिवे लागलेले असतां, आणि एक रात्र नव्हे तर आठवडाभर. चित्रण सकाळीं मागें फिरवून पाहावें.

तूट ज्या कारणानें झाली तें कारण राहूं दिलें तर दुरुस्ती व्यर्थ आहे. घरांत वापरावयाची पांढरी किंवा निळी केबल उन्हांत दोन-चार वर्षांत तडकते. बाहेर काळ्या जाड वेष्टणाचीच केबल घ्यावी, जमिनींतून न्यावयाची असेल तर तिच्या आंत मळी भरलेली असावी. ठिबकासाठीं आणलेला एच.डी.पी.ई. पाइपचा तुकडा प्रत्येकाच्या शेतांत पडलेला असतो. त्यांतून केबल नेऊन तो दीड-दोन फूट खोल गाडावा, म्हणजे नांगर व रोटाव्हेटर यांचा हात तेथपर्यंत पोहोंचत नाहीं. पाइपचीं तोंडें उंदरांसाठीं बंद करावीं. पंपाच्या विजेच्या केबलबरोबर एकाच पाइपांत ही केबल कधींहि घालूं नये. दोहोंचा रस्ता एकमेकांस ओलांडावयाचाच असेल तर काटकोनांत ओलांडावा.

अंतराचाहि हिशेब ठेवावा. स्विचपासून कॅमेऱ्यापर्यंत शंभर मीटर ही या केबलची मर्यादा आहे, जोड व टोंकाच्या लहान केबली धरून. आमच्या ओळखीच्या एका बागायतदारानें विहिरीपर्यंत दीडशें मीटर केबल ओढली व वर्षभर कॅमेऱ्यास शिव्या दिल्या. एवढ्या अंतरास प्रकाशावर चालणारी फायबर केबल घालावी. तिच्यांत धातूची तार नसेल तर वीज कडाडली असतां तिच्यावाटे घरांतील रेकॉर्डरपर्यंत धक्का येत नाहीं, हा तिचा दुसरा फायदा; मात्र तिला दोन्ही टोंकांस लहानसें परिवर्तक यंत्र लागतें व दूरच्या टोंकास विजेची सोय लागते.

कोणी म्हणतील, तारेचा हा सर्व खटाटोप कशाला, बिनतारी कॅमेरा घ्यावा. दूरच्या विहिरीवर, जेथें केबल नेणें परवडत नाहीं, तेथें सौर तक्त्यावर व मोबाइलच्या सिमवर चालणारा कॅमेरा योग्यच आहे. आम्ही त्याच्या विरुद्ध नाहीं. पण चाळ व गोठा घराजवळ असतांना बिनतारी कॅमेरा घेतला तरी त्यास विजेची तार लागतेच, आणि जी तार फावड्यानें तुटावयाची ती तेथेंहि तुटेल. दुसरे म्हणतील, राखणदार ठेवावा, तो कॅमेऱ्याहून बरा. ठेवावा, परवडेल त्यानें अवश्य ठेवावा. सध्यां रात्रीं जागणारा माणूस कोणत्या मजुरीवर मिळतो हें वाचकांस आमच्याहून अधिक ठाऊक आहे.

आतां आमच्या जुन्या पेशाची एक गोष्ट. गांवच्या नकाशांत हद्दीचे दगड दाखविलेले असतात, म्हणून शंभर वर्षांनीं देखील बांधाचा तंटा मिटतो. केबल पुरणारा मात्र कोठेंहि कांहीं लिहून ठेवीत नाहीं, आणि दोन वर्षांनीं तीच केबल मालकाच्याच फावड्यानें तुटते. प्रत्येकानें वहीच्या एका पानावर घर, चाळ, गोठा, झाडें व विहीर काढून केबलची रेषा ओढावी, प्रत्येक वळणापाशीं जवळच्या खांबापासूनचें अंतर पावलांत नव्हे, फुटांत लिहावें, खोली लिहावी, जोड असेल तेथें खूण करावी व तारीख घालावी. बिलाची नक्कल त्याच पानास चिकटवावी. दुरुस्ती केव्हां केली, काय केलें, कोणी केलें, याच्या दोन ओळी दर वेळीं लिहाव्या.

याचा उपयोग केवळ केबल शोधण्यापुरता नाहीं. दिनांक १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला आहे. कॅमेऱ्याचें चित्रण न्यायालयांत पुरावा म्हणून द्यावयाचें तर त्याच्या कलम ६३ प्रमाणें प्रमाणपत्र जोडावें लागतें, आणि त्या मुदतींत यंत्र नीट चालत होतें कीं नाहीं हा प्रश्न त्यांत येतो. ज्याच्या वहींत दुरुस्तीच्या तारखा आहेत तो याचें उत्तर सरळ देऊं शकेल. आमच्यासारख्यास, ज्याचा कॅमेरा रात्रीं डोळे मिटीत होता व ज्यानें त्याची नोंदहि ठेविली नव्हती, उत्तर देतांना मान खालीं घालावी लागते.

आपल्या संस्थेकडे आमची मागणी मोठी नाहीं. फवारणीचे पंप व वजनकाटे जसे संस्था सभासदांसाठीं ठेविते, तशी एक पेटी ठेवावी: दिव्यांचा टेस्टर, कनेक्टर दाबावयाची पकड, सोलण्याचें हत्यार, कांहीं कनेक्टर, मळीच्या टोप्या व पाणी न शिरणाऱ्या डब्या. टेस्टर व पकड हीं प्रत्येकीं कांहींशें रुपयांचीं वस्तु आहेत. त्याबरोबर शुद्ध तांब्याच्या बाहेरच्या केबलचें ३०५ मीटरचें एक वेटोळें आणून मीटरवर विकावें. ज्यास वीस मीटर हवी त्यानें पुरें वेटोळें घेण्याचें कारण राहणार नाहीं, आणि मुलाम्याची केबल गळ्यांत पडण्याची भीतिहि राहणार नाहीं. प्रत्येक गांवांतील दोन तरुणांस, मुलगा असो वा मुलगी, एका दिवसांत कनेक्टर बसविणें व दोष शोधणें शिकवितां येईल. हें काम पदवीचें नाहीं. सुईंत दोरा ओवणाऱ्या हातांचें आहे. कारागिरांच्या पोटावर यानें पाय येईल अशी शंका एका सभासदानें आमच्यापाशीं काढली. कॅमेरे बसविण्याचें, फायबर घालण्याचें व रेकॉर्डर दुरुस्त करण्याचें काम त्यांच्याकडे राहणारच आहे; एका कनेक्टरसाठीं पंचवीस मैलांची फेरी त्यांसहि नको असते, म्हणूनच ते "येतों, येतों" म्हणतात.

आमच्या चाळीस सन २०२४ च्या मे महिन्यांत काळी तांब्याची केबल पाइपांतून घातली. जोड एकहि नाहीं. नकाशा रेकॉर्डरच्या कपाटाच्या दारास आंतून चिकटविला आहे, त्याखालीं पुतण्याची व आमची अशा दोन सह्या आहेत. तांबूस दिवे लागले कीं नाहीं हें अंगणांतून पाहण्याचें काम ज्यांचें होतें त्यांच्याकडेच राहिलें आहे, आणि त्यांचा शब्द आतां आम्ही मोडीत नाहीं. संस्थेची पेटी येईपर्यंत आमचा टेस्टर व पकड आमच्या घरीं आहेत. ज्या सभासदास हवीं असतील त्यानें वहींत नांव, गांव व तारीख लिहून न्यावीं, आणि काम होतांच परत आणून देतांना केबल कोठें तुटली होती तें त्याच ओळींत लिहावें.